दोन गच्च्या आणि एक लाल दिवा

परवा आमच्या रस्त्यावर गटाराचं खोदकाम निघालं आणि जेसीबीनं केबल तोडली. चार दिवस आख्खी आळी नेटविना. समोरच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा होती. ती लॅपटॉप घेऊन तीनशे मीटरवरच्या मावशीकडे जाऊन बसली, कारण तिकडची केबल वेगळी. मी गच्चीवर गेलो तर मावशीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते. म्हटलं, जे इतकं स्पष्ट दिसतं ते जोडता का येऊ नये?

मित्रांनो, येतं. आणि साध्या माणसांनी ते करून दाखवलंय. म्हणून हा थोडा इतिहास.

उजेडानं निरोप पाठवणं जुनंच. १८६९ मध्ये हेन्री मान्स नावाच्या तारखात्यातल्या इंग्रजानं कराचीत हेलिओग्राफ तयार केला. आरशानं ऊन परावर्तित करायचं आणि लुकलुकत्या कवडशातून मोर्सची अक्षरं पाठवायची. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होतं, बरं का. पुढे १८८० मध्ये ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये चक्क आवाज पाठवला. बोलण्यानं पातळ आरसा थरथरे, त्यावरचा सूर्यप्रकाश कमीजास्त होई आणि पलीकडे सेलेनियमचा तुकडा त्याचा पुन्हा आवाज करी. अंतर २१३ मीटर, म्हणजे आमच्या गच्चीपासून मावशीच्या गच्चीपर्यंत जवळजवळ पोचलेच होते! टेलिफोनपेक्षा हा शोध मोठा, असं बेलचं मत होतं. पण ढग आले की संभाषण बंद. त्यामुळे जगानं तारच पसंत केली.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. २००१ च्या सुमारास चेक प्रजासत्ताकात घरगुती इंटरनेट म्हणजे फोनवरून, मिनिटाला पैसे मोजून. आपल्याकडेही तेच होतं. मोडेमची ती किरकिर आणि महिनाअखेरीला बिल बघून वडिलांचा चेहरा, दोन्ही मला आजही आठवतं. तिथं कारेल कुल्हावी नावाच्या तरुणानं ‘रोन्या’ नावाचं यंत्र तयार केलं. प्रत्येक घरावर दोन नळकांडी, एक पाठवणारं, एक घेणारं. नळकांडं म्हणजे शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा पाईप. आत १३० मिलिमीटरचं भिंग, वाचायला वापरतात तसलंच. पाठवणाऱ्यात भगभगीत लाल एलईडी, घेणाऱ्यात फोटोडायोड. दिवा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणार, भिंग तो उजेड एका रेषेत धरणार, समोरचं भिंग तो गोळा करणार. बाकी सगळं स्क्रू पिळून नेम धरणं.

वेग १० मेगाबिट, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. अंतर १.४ किलोमीटरपर्यंत. तेव्हाचा फोनवरचा मोडेम कागदोपत्री ५६ किलोबिट देई, हे लक्षात घ्या! दाट धुकं किंवा जोराचा बर्फ पडला की मात्र जोडणी बंद. ती अडचण बेलच्या वेळेपासूनची.

पण माझ्या मते कुल्हावीचं खरं काम दिवा नव्हे, कागद. त्यानं सगळे नकाशे, सुट्या भागांची यादी, कुठला तुकडा कुठं झाळायचा, भोक कुठं पाडायचं, हे सारं फुकट आणि खुलं करून ठेवलं. एक यंत्र बांधायला सत्तरेक तास लागत. ज्यानं आयुष्यात सोल्डरिंग केलं नाही त्यालाही जमावं, अशा बेतानं लिहिलेलं. म्हणून ते एका हुशार पोराचं खेळणं न राहता इतरांच्या छपरांवरही पोचलं.

याच्या उलट उदाहरण बघा. गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘तारा’ प्रकल्पानं २०२१ मध्ये काँगो नदीच्या आरपार, ब्राझाव्हिल ते किन्शासा, उजेडाच्या झोतानं २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती नेली. काम अफाट, शंकाच नाही. पण ते यंत्र तुम्ही-आम्ही घरी बांधू शकत नाही. बिघडलं तर कंपनीच्या माणसाचीच वाट बघायची.

आणि आपल्याकडे? आपल्या १८८५ च्या तार कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन ‘टेलिग्राफ’च्या व्याख्येत दृश्य संकेतही आले, आणि टेलिग्राफ चालवण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारचा. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानंही व्याख्येत तार आणि रेडिओसोबत प्रकाशीय यंत्रणा धरली आहे. म्हणजे दोन गच्च्यांमधला निरोप्या दिवासुद्धा सरकारी व्याख्येत बसतो. मोठ्या कंपन्यांना वेसण हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण आळीतल्या दोन घरांनी स्वतःच्या खर्चानं, कुणाची केबल न अडवता, उजेडानं जोडून घेतलं तर त्याला साधी, स्पष्ट मोकळीक असावी, इतकं तरी मागायला हरकत नाही.

केबल पाचव्या दिवशी जोडली. त्या मुलीची परीक्षा मावशीच्या कृपेनं झाली. पुढच्या वेळी मावशी नसलेल्या पोरांचं काय?

आपल्या गावातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनो, सत्तर तास आहेत का कुणाकडे? भिंगं मी आणतो. गच्ची आमची. परवानगीचं काय करायचं ते आधी रीतसर विचारू, आणि उत्तर काय येतं ते इथंच लिहीन.