मोठ्या माणसांची विज्ञानपरीक्षा

श्रोतेहो, आज आरंभीच एक लहानसा प्रश्न विचारतो. पौषात कडाक्याची थंडी पडते आणि वैशाखात ऊन अंगाची लाही करते, असे का बरे होते? उत्तर सांगायची घाई नको. मनाशी ठरवा आणि तसेच गाठीला बांधून ठेवा. थोड्या वेळाने ती गाठ आपण सोडू. शिक्षक मंडळींनीही उत्तर ठरवायचे आहे. या परीक्षेत त्यांना सूट नाही!

मुलांची परीक्षा घेण्याची चाल फार जुनी. पण शाळा सोडून वीस-तीस वर्षे झालेला शेतकरी, दुकानदार, घर सांभाळणारी बाई, यांना दारात गाठून "पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती?" असे विचारायची चाल तशी अलीकडची आहे. ती कशी पडली आणि तिच्यात पास कोण झाले, नापास कोण, याची हकिगत ऐकण्याजोगी आहे.

या कामातल्या पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी एक अमेरिकेत १९५७ साली झाली. विज्ञानावर लिहिणाऱ्या तिकडच्या पत्रकारांच्या संघटनेला प्रश्न पडला, की आपण एवढे लिहितो, त्यातले लोकांपर्यंत पोचते किती? मिशिगन विद्यापीठाच्या माणसांनी सुमारे एकोणीसशे प्रौढांना भेटून विचारपूस केली. पोलिओची लस, पिण्याच्या पाण्यात मिसळायचे फ्लोराइड, अणुस्फोटानंतर खाली येणारी किरणोत्सर्गी धूळ आणि माणसाने आकाशात सोडायचा कृत्रिम उपग्रह, असे विषय होते. उपग्रहाविषयी त्यांतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या कानावर काहीच आलेले नव्हते.

मग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांना दुसरा विषय उरला नाही. पुढच्या वर्षी पाहणी करणारे पुन्हा लोकांकडे गेले, तेव्हा उपग्रहाचे नावच न ऐकलेला माणूस क्वचित भेटला. एका वर्षात लोकांची बुद्धी काही वाढली नव्हती. गोष्ट त्यांच्या दारापर्यंत आली होती, इतकेच. माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते, तेव्हा ती त्याच्यापर्यंत पोचली होती का, हे आधी विचारावे. हा पहिला धडा.

आता एकदम तीस वर्षे पुढे येऊ. १९८८ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत प्रत्येकी सुमारे दोन हजार प्रौढांना सारखेच प्रश्न विचारण्यात आले. पृथ्वीचे पोट फार तापलेले आहे, खरे की खोटे? इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतो, खरे की खोटे? अशी ती प्रश्नपत्रिका. निकाल पुढल्या वर्षी 'नेचर' या प्रसिद्ध विज्ञानपत्रात छापून आला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि त्या फेरीला एक वर्ष लागते, हे ब्रिटनमध्ये शेकडा ३४ आणि अमेरिकेत शेकडा ४६ लोकांनाच नीट सांगता आले.

आकडे ऐकून हसू येते, नाही? ज्या देशात न्यूटन होऊन गेला, तिथे तिघांतल्या दोघांना एवढेही सांगता येऊ नये! पण जरा थांबा. त्या प्रश्नाला दोन पायऱ्या होत्या. आधी कोण कोणाभोवती फिरते ते सांगायचे आणि मग त्याला दिवस लागतो, महिना लागतो की वर्ष, ते सांगायचे. पहिली पायरी चढून दुसरीवर घसरलेलाही नापासांत गेला. अमेरिकेत २०१२ साली नुसती पहिली पायरी विचारली, तेव्हा शेकडा ७४ जण बरोबर निघाले. प्रश्न बदलला की टक्का बदलतो! शिवाय खरे-खोटे पद्धतीच्या प्रश्नांत नाणे उडवून उत्तरे दिली, तरी निम्मी बरोबर यायचीच. तेव्हा 'अमुक टक्के लोक अडाणी' असे कोणी सांगू लागला, तर आपण विचारावे, "बाबा रे, प्रश्न काय होता तेवढे आधी सांग."

आता मघाची गाठ सोडू. थंडी आणि ऊन यांविषयी तुमच्यापैकी पुष्कळांनी मनात म्हटले असेल, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते आणि हिवाळ्यात लांब. तसे म्हटले असेल तर लाजू नका, सोबत मोठी आहे. अमेरिकेत हार्वर्ड नावाचे नामांकित विद्यापीठ आहे. १९८७ सालच्या एका माहितीपटासाठी तिथल्या पदवीदान समारंभात २३ जणांना असे प्रश्न विचारले गेले. त्यांत झगा घातलेले नवे पदवीधर होते, माजी विद्यार्थी होते, अध्यापकही होते. २३ पैकी २१ जणांची उत्तरे चुकली आणि बहुतेकांची चूक हीच होती.

खरी गोष्ट अशी. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण ज्वारीच्या राखणीला शेकोटी पेटवून बसतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. एवढ्या फरकाने ऋतू होत नाहीत. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्याचे किरण सरळ डोक्यावर पडतात आणि दिवसही मोठा असतो. हिवाळ्यात तेच किरण तिरपे येतात आणि दिवस आखूड होतो.

मग हार्वर्डची ती माणसे का चुकली? विस्तवाजवळ गेले की चटका बसतो, हे आपण रांगत्या वयापासून अनुभवतो. शाळेतले आसाचे चित्र परीक्षेपुरते डोक्यात राहते. चुलीजवळचा अनुभव जन्मभर राहतो. पदवी मिळाली म्हणून तो पुसला जात नाही. म्हणून चूक झालेल्याला मूर्ख म्हणण्याआधी त्याने तसा विचार का केला, ते ऐकून घ्यावे. हा दुसरा धडा.

कोणी म्हणेल, "गुरुजी, पृथ्वी फिरली काय नि सूर्य फिरला काय, पेरणी काही चुकत नाही." म्हणणे अगदीच खोटे नाही. पण त्याच १९८८ च्या प्रश्नपत्रिकेत आणखी एक प्रश्न होता: अँटिबायोटिक औषधांनी जिवाणूंप्रमाणे विषाणूही मरतात, खरे की खोटे? उत्तर, खोटे. दोन्ही देशांत साधारण चौघांतल्या एकालाच ते बरोबर देता आले. अमेरिकेत २०१२ सालीसुद्धा हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच होते. आता या प्रश्नावर मात्र घरादाराचे काही अवलंबून आहे! साधी सर्दी, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांवर ही औषधे चालत नाहीत. आपण मात्र पोराला सर्दी झाली की जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणतो, आणि दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेल्या फळीवर ठेवतो. अशा गैरवापराने जिवाणू त्या औषधाला निर्ढावतात आणि खऱ्या दुखण्यात औषध लागू पडेनासे होते. सगळे ज्ञान सारख्या निकडीचे नसते. कोणते आज लागणार आहे, ते ओळखून आधी द्यावे.

इथवर परीक्षा सामान्य माणसाची झाली. आता परीक्षकांचीही एक गोष्ट ऐका. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत राज्यातल्या चेर्नोबिल येथे अणुवीजकेंद्राचा स्फोट झाला. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्गी सीझियम दूरवर गेले, आणि मे महिन्याच्या आरंभी इंग्लंडातल्या कंब्रिया भागात जोराचा पाऊस झाला, त्याबरोबर ते डोंगरकुरणांवर उतरले. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर व कत्तलीवर बंदी घातली. तीन आठवड्यांत सारे निवळेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

अंदाज बांधला होता चिकणमातीच्या हिशेबाने, कारण चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. कंब्रियाच्या डोंगरावरची जमीन मात्र कुजलेल्या पाल्याची, आंबट जातीची. तिथे सीझियम जमिनीतून गवतात आणि गवतातून मेंढीच्या पोटात पुन्हा पुन्हा जात राहिले. एका प्रयोगात मेंढ्या कुंपणात कोंडून ठेवायचे ठरले. मेंढपाळ म्हणाले, "मोकळ्या डोंगरावर चरणारे जनावर हे, कोंडले तर खंगेल." कोणी ऐकले नाही. मेंढ्या खंगल्या आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. तीन आठवड्यांची म्हटलेली ती बंदी शेवटच्या कुरणांवरून उठायला २०१२ साल उजाडले. ब्रायन विन या अभ्यासकाने हा सारा इतिहास लिहून ठेवला आहे. त्या मेंढपाळांना इलेक्ट्रॉनचा प्रश्न विचारला असता तर काही जण चुकलेही असते. पण आपल्या जमिनीच्या आणि जनावराच्या परीक्षेत ते पहिले आले असते.

म्हणून विज्ञान सोडून द्यावे, असे कोणी समजू नये. सीझियम डोळ्यांना दिसत नाही; ते मोजायला शास्त्रज्ञाचे यंत्रच लागले. मेंढपाळाला यंत्राची गरज होती आणि यंत्रवाल्याला मेंढपाळाची. दोघांनी एकमेकांना विचारले असते, तर पुष्कळ नुकसान टळले असते.

आपल्या देशात गौहर रझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयागच्या कुंभमेळ्यात जमणाऱ्या लोकांमध्ये अशी विचारपूस केली. पृथ्वीचा आकार कसा, दिवस-रात्र कशाने होते, ग्रहण का लागते, असे प्रश्न त्यांनी विचारले. पण 'किती अडाणी' हे मोजण्याऐवजी त्यांनी वेगळे माप धरले. एखादी वैज्ञानिक कल्पना निम्म्या लोकांना पटून सांगता येण्यासाठी किती वर्षांची शाळा लागते, ते त्यांनी पाहिले आणि त्याला लोकांच्या संस्कृतीपासूनचे त्या कल्पनेचे 'अंतर' म्हटले. काही कल्पना थोड्या शाळेने जवळ येतात, काही पुष्कळ शिकूनही लांब राहतात. मापाची पट्टी माणसाच्या डोक्यावरून काढून त्यांनी ज्ञानाच्या वाटेवर ठेवली! आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणे हेही एक आहे. ते कर्तव्य शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना हसून पार पडायचे नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही आपल्या गावात अशी परीक्षा जरूर घ्या. पण 'माहीत नाही' या उत्तराला मान द्या, कारण ते बहुधा खरे असते. एका प्रश्नाच्या बदल्यात एक प्रश्न लोकांनाही विचारू द्या. आणि उत्तर सांगून टाकण्यापेक्षा दाखवता येईल तिथे दाखवा.

मे महिन्यात पारासमोर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. आपला सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून या महिन्यात प्रत्येक गावी एक दिवस असा येतो, की भर दुपारी काठीची सावली क्षणभर पार नाहीशी होते. तारीख गावागणिक थोडी मागेपुढे. दक्षिणेकडे आधी, उत्तरेकडे नंतर. तीच काठी पौषात उभी करा आणि भर दुपारची लांब सावली मोजा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, आयाबायांना, पोरांना सगळ्यांना बोलवा. ऊन सरळ केव्हा पडते नि तिरपे केव्हा, हे ज्याने स्वतःच्या पावलांनी मोजले, त्याला पुढे कोणीही दारात येऊन विचारो, तो चुकायचा नाही.