परड फुत्कारते तेव्हा

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या कापणीला जोर चढतो. अर्जुनी मोरगाव असो की गोरेगाव, सकाळीच बाया-माणसं विळे घेऊन बांध्यांत उतरतात. कापलेल्या धानाच्या कडपा पसरतात, मग त्यांचे पुंजणे रचले जातात. अशा वेळी एखाद्या कडपेखालून कुकरची शिट्टी सुटावी तसा लांबलचक आवाज येतो. हात जागीच थांबतात. ‘परड!’ कुणीतरी ओरडतं. इतरत्र जिला घोणस म्हणतात, तीच ही आपली परड.

अमेरिकेतला रॅटलस्नेक आपण चित्रपटांत पाहिलेला असतो. शेपटीच्या टोकाची कठीण कड्यांची माळ खुळखुळवून तो ‘मी इथे आहे’ असं सांगतो. हा साप फक्त अमेरिका खंडात सापडतो. त्याचीच दूरची नातलग असलेली घोणस तेच काम श्वासानं करते. अंग फुगवून ती जोरानं हवा सोडते. कोकणातलं फुरसं करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून आवाज काढतं. साधनं वेगळी, सांगणं एकच : दूर राहा. विष हे सापाचं शिकार मिळवण्याचं साधन आहे. ज्याला गिळता येत नाही अशा माणसावर ते खर्च करण्यात त्याला लाभ नसतो.

पण घोणस दर वेळी इशारा देईलच, असं नाही. याचं कारण तिच्या नावातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिक रसेल हे स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आंध्र किनाऱ्यावर होते. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे सामान्यांना ओळखता यावं, ही त्यांची तळमळ. १७९६ साली त्यांचा भारतीय सापांवरचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी घोणशीला तिचं तेलुगू नाव दिलं होतं. पुढच्याच वर्षी तिच्या शास्त्रीय नावात खुद्द रसेल यांचंच नाव आलं. १८४२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याला ‘दबोइया’ हा शब्द जोडला. तो मूळचा हिंदी. अर्थ, दबून बसणारा. पाचोळ्याच्या रंगाची ही जात पळण्यापेक्षा न दिसण्यावर भरवसा ठेवते. म्हणूनच पाय तिच्यावर पडतो.

इंग्रजी राजवटीनं यावर उपाय काढला तो इनामाचा. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात अवघ्या आठ दिवसांत लाखाच्या वर फुरशी मारली गेली. तरीही कोकणात फुरसं आजही आहेच. खरा उपाय प्रयोगशाळेतून आला. १८९० च्या दशकात अल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर लस तयार केली. ती सर्वच सापांवर चालेल, असं त्यांना वाटत होतं. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी दाखवून दिलं, की रॅटलस्नेकच्या विषापुढे ती निरुपयोगी आहे. ज्या सापाचं विष, त्याचीच लस हवी. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी बनलेली आपली लस म्हणूनच नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालते.

तरीही २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. २०२४ साली केंद्र सरकारनं ही संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला.

साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्या धडपडीत दुसऱ्यालाही दंश होतो. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं स्थिर ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिलेलं दिसलं, तर घोणस किंवा फुरशाचा संशय बळावतो. ही तपासणी लहान दवाखान्यातही होते. आपलं काम एवढंच : दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ दवडायचा नाही. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा.

आणि त्याआधीचं काम बांधीतलं. परड तिथे येते ती उंदरांमागे. उंदीर येतात ते धानामागे. आपण पिकवतो तोवर ती येणारच. तेव्हा कडप उचलण्याआधी काठीनं हलवावी, अंधारात बॅटरीशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नये. अजगराचं पिल्लू समजून कुठल्याही सापाला हात लावू नये. अनेकांनी घोणशीला असंच उचललं आहे. आणि ती शिट्टी ऐकू आलीच, तर चार पावलं मागे सरावं. तिला वाट मिळाली की ती निघून जाते. मग विळा पुन्हा हाती घ्यावा.