सांता गर्ट्रूडिसच्या बाई

अमेरिकेंतील टेक्सस प्रांताचें नांव काढलें कीं घोडा, फेंकदोर आणि रुंद कांठाची टोपी घातलेला गुराखी डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याच प्रांताच्या दक्षिण भागांतील एका अफाट गोकुळाची मालकी चाळीस वर्षें एका विधवा बाईच्या हातीं होती, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या हेन्रिएटाबाई किंग यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

बाईंचा जन्म १८३२ सालीं मिसूरी प्रांतांत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. १८५० च्या सुमारास हें कुटुंब मेक्सिकोच्या सरहद्दीवरील ब्राउन्सव्हिल गांवीं आलें आणि घर मिळेना म्हणून रिओ ग्रांदे नदींत बांधून ठेवलेल्या एका जुन्या आगबोटींतच त्यानें बिऱ्हाड थाटलें. ही बोट आपल्या धक्क्याची जागा अडविते असें पाहून एक तरुण कप्तान अद्वातद्वा बोलूं लागला, तेव्हां उपदेशकाच्या मुलीनें त्यास चांगलेंच खडसावलें, अशी आख्यायिका आहे. तो कप्तान म्हणजे रिचर्ड किंग. १८५४ च्या डिसेंबरांत दोघांचा विवाह झाला.

किंगनें आदल्याच वर्षीं सांता गर्ट्रूडिस ओढ्याकांठची १५,५०० एकर जमीन अवघ्या ३०० डॉलरांस घेतली होती. हा भाव ऐकून आश्चर्य वाटेल. पण त्याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. १८४८ सालीं हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. जुन्या स्पॅनिश सनदांचे वारसदार एकाएकीं परक्या कायद्याच्या अंमलाखालीं आले, आणि अनेकांच्या जमिनी कवडीमोलानें किंवा कोर्टकचेऱ्यांच्या पायीं हातच्या गेल्या. किंग घराण्याच्या वैभवाचें कौतुक करतांना या दुसऱ्या बाजूकडे डोळेझांक करणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं.

नव्या नवरीचें पहिलें घर कुडामातीचें होतें. कोठीची खोली इतकी लहान कीं मोठालीं ताटें बाहेरच्या भिंतीवर टांगावीं लागत. भोंवतालीं वस्ती होती ती मेक्सिकन गुराख्यांची. अवर्षणानें गांजलेल्या एका मेक्सिकन गांवचीं गुरें किंगनें विकत घेतलीं, आणि मग त्या गांवच्या माणसांनाही आपल्या कुरणावर येऊन राहण्याचें बोलावणें केलें. हीं माणसें ‘किनेन्यो’, म्हणजे किंगचीं माणसें, या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. त्यांच्या बायकामुलांचें दुखणेंखुपणें व मुलांची शाळा हीं बाईंनीं आपल्याकडे घेतलीं.

यादवी युद्धांत किंगनें दक्षिणेच्या कापसाची ने-आण केली. त्यामुळें १८६३ च्या डिसेंबरांत उत्तरेच्या घोडदळानें घरावर छापा घातला. कप्तान आधींच निसटला होता. बाई गरोदर होत्या. फ्रान्सिस्को आल्वारादो हा इमानी चाकर गोळी लागून दारांत पडला. पुढें दोन महिन्यांनीं बाईंस मुलगा झाला. आणि हाच मुलगा १८८३ सालीं, ऐन एकोणिसाव्या वर्षीं, न्यूमोनियानें गेला.

त्या धक्क्यानंतर दोनच वर्षांनीं, १८८५ च्या एप्रिलांत, कप्तान किंग वारला. मागें राहिली ५ लाख एकरांहून अधिक जमीन आणि सुमारें ५ लाख डॉलर कर्ज. सांता गर्ट्रूडिसची फूटभरही जमीन जाऊं देऊं नये, ही त्याची अखेरची ताकीद होती. बाईंचें वय तेव्हां ५२ होतें. त्यांनीं काळा वेष धारण केला तो जन्मभर सोडला नाहीं. कर्णभूषणांतील हिऱ्यांवरही त्यांनीं काळा मुलामा चढविला होता, असें सांगतात!

माझ्या मतें बाईंची खरी परीक्षा येथें झाली. त्यांनीं कारभार रॉबर्ट क्लेबर्ग या तरुण वकिलाकडे सोंपविला. हा गृहस्थ एकदां कोर्टांत खुद्द किंगच्या विरुद्ध उभा राहून खटला जिंकला होता आणि म्हणूनच किंगनें त्यास आपला वकील नेमलें होतें. १८८६ सालीं तो बाईंचा जांवई झाला. दैनंदिन काम त्याचें; पण मालकी बाईंची, आणि महत्त्वाचा निर्णय त्यांच्या संमतीवांचून होत नसे. कर्तृत्व जांवयाचें, बाई नांवाच्या, असें म्हणणारे आहेत. पण योग्य माणूस निवडून त्यास चाळीस वर्षें मोकळीक देणें, आणि तरीही लगाम न सोडणें, ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्याकडील कित्येक संस्थानें नेमक्या याच गुणाच्या अभावीं बुडालीं.

कर्ज फिटलें, कुरण वाढलें. गोचिडांपासून होणाऱ्या तापावर उपाय म्हणून औषधी पाण्याच्या हौदांतून गुरें पोहवून काढण्याची युक्ति क्लेबर्गनें अमलांत आणली. अवर्षणाशीं झगडतांना १८९९ सालीं भूगर्भांतून आपोआप उसळणारें पाणी लागलें. पाणी आलें, मग आगगाडी आली, आणि ४ जुलै १९०४ रोजीं किंग्जव्हिल हें नवें गांव वसलें. देवळांसाठीं व शाळेसाठीं जमीन बाईंनीं दिली. दारूविक्रीस मात्र गांवांत बंदी!

येथें आपल्या आस्थेचा एक धागा आहे. टेक्ससच्या उन्हांत विलायती शॉर्टहॉर्न गुरें तग धरीनात. तेव्हां त्यांचा संकर ‘ब्राह्मन’ नांवाच्या वशिंडाच्या गुरांशीं करण्यांत आला. हीं ब्राह्मन गुरें मूळ हिंदुस्थानांतून गेलेल्या जातींपासून तयार झालीं: गुजरातेकडील कांकरेज, गीर, आंध्रांतील नेल्लोर, आणि थोड्या प्रमाणांत आपली कृष्णाकांठची जात. या संकरांतून १९२० सालीं ‘मंकी’ नांवाचा वळू जन्मला, व त्याच्या वंशास १९४० सालीं ‘सांता गर्ट्रूडिस’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

१९१२ सालीं जुना वाडा जळाला, तेव्हां बाई ऐंशीच्या घरांत होत्या. नवा वाडा १९१५ सालीं उभा राहिला. ३१ मार्च १९२५ रोजीं, ९२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्या वेळीं जमीन १० लाख एकरांवर गेली होती.

अंत्ययात्रेबरोबर सुमारें २०० किनेन्यो घोड्यांवरून आले. कित्येकांनीं दूरच्या कुरणांवरून दोन-दोन दिवस रपेट केली होती. शवपेटिका खालीं उतरल्यावर त्यांनीं एकामागून एक, टोपी हातांत खालीं धरून, उघड्या खड्ड्याभोंवतीं दौडत एकेक फेरी घातली. कप्तान किंगच्या अस्थि सॅन अँटोनियो शहरांत होत्या. त्या त्याच वर्षीं आणून किंग्जव्हिलच्या स्मशानभूमींत बाईंच्या शेजारीं ठेवण्यांत आल्या.