हमीपत्रातला दवाखाना
छत्तीसगडमधल्या भिलाई-३च्या न्यायालयात स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसलेला मनोविकल आरोपी आला, तर दंडाधिकारी त्याला तुरुंगाऐवजी जामिनावर घरी सोडू शकतात, मग गुन्हा अजामीनपात्र का असेना. अट अशी की आजार भरती करण्याइतका नसावा आणि नातेवाइकाने किंवा मित्राने हमी द्यावी: याला जवळच्या दवाखान्यात नियमित बाह्यरुग्ण उपचार मिळवून देईन, याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६९वं कलम. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यात ही सोय नाही. तिथे दंडाधिकाऱ्याचा अधिकार १० दिवसांच्या भरतीपाशी संपतो. घरी राहून उपचार घेण्याचा न्यायालयीन आदेश आपल्याकडे जामिनाच्या तरतुदीत दडलेला आहे!

याचं मूळ न्यूयॉर्कच्या १९९९च्या 'केंड्राज लॉ'मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने बाह्यरुग्ण उपचार घ्यायला लावणाऱ्या कायद्यात असेल, असं कुणालाही वाटेल. मला ते पटत नाही. तिथे आदेश बांधतो रुग्णाला. इंग्लंडच्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २००७च्या दुरुस्तीत सूत्रं डॉक्टरच्या हाती. आपल्याकडे मात्र बांधला जातो तिसराच माणूस, जामीनदार. आणि तो १८९८च्या फौजदारी संहितेच्या ४६६व्या कलमातही उभा आहे: नीट सांभाळ करीन, इजा होऊ देणार नाही, बोलावाल तेव्हा हजर करीन. त्या हमीत दवाखाना तेवढा नव्हता. १९७३च्या संहितेत हे कलम ३३०वं झालं आणि २००८च्या दुरुस्तीने त्यात दवाखाना शिरला.

तेव्हाच का? औषधं १९५०च्या दशकापासून होती. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी त्याच सुमारास रुग्णांच्या नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. माझा कयास असा की निर्णायक धक्का तुरुंगांतून आला. शीला बारसे यांच्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा ठरवलं. २००५ साली आसामात खटल्याविना कोठडीत असलेले माचल लालुंग सुटले, ५४ वर्षांनी. त्यानंतर तीनच वर्षांत कलम बदलावं, हा योगायोग मी मानत नाही.

भिलाई-३साठी त्या कलमातला 'जवळचा' हा शब्द फार मोलाचा आहे. राज्याचं मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला, शंभराहून अधिक किलोमीटरवर. दुर्गचं जिल्हा रुग्णालय मात्र हाताशी. पण हमी द्यायला कुणीच नसेल, तर कलमाचा पुढचा भाग लागू होतो: नियमित उपचार मिळतील अशा ठिकाणी आरोपीला ठेवावं. म्हणजे आजार तोच, औषधं तीच, फक्त सही करणारं माणूस नाही, एवढ्यावरून एक जण घरी जातो आणि दुसरा जात नाही.