विधी साहाय्य सुधारणांवरील जनसल्लामसलत (इंग्लंड व वेल्स)

विधी साहाय्य सुधारणांवरील जनसल्लामसलत म्हणजे इंग्लंड व वेल्समधील सरकारी खर्चाने मिळणाऱ्या कायदेविषयक मदतीत बदल करण्यापूर्वी नागरिक, वकील व सेवाभावी संस्था यांची मते लेखी स्वरूपात मागवून त्यांचे विश्लेषण करण्याची प्रक्रिया होय. ती न्याय मंत्रालयामार्फत राबविली जाते. हे मतदान नसते. किती जणांनी विरोध केला यापेक्षा कोणते मुद्दे मांडले याला महत्त्व असते.

पार्श्वभूमी
रशक्लिफ समितीच्या १९४५ च्या अहवालानंतर १९४९ च्या कायद्याने ही योजना सुरू झाली. २०१० पर्यंत तिचा वार्षिक खर्च सुमारे २१० कोटी पौंडांवर पोहोचला होता. त्यात सुमारे ३५ कोटी पौंडांची कपात करण्याचे सरकारचे उद्दिष्ट होते.

कायदेशीर निकष
सल्लामसलत न्याय्य ठरण्यासाठीचे चार निकष १९८५ च्या गनिंग खटल्यातून पुढे आले :
• प्रस्ताव विचाराधीन असतानाच मते मागवावीत.
• समंजस उत्तर देता येईल इतकी कारणे व माहिती द्यावी.
• उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा.
• आलेल्या मतांचा अंतिम निर्णयापूर्वी प्रामाणिकपणे विचार करावा.
सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मोझली खटल्यात हे निकष उचलून धरले.

२०१०–११ ची सल्लामसलत
मंत्री केनेथ क्लार्क यांच्या कार्यकाळात नोव्हेंबर २०१० ते फेब्रुवारी २०११ या काळात मते मागविण्यात आली. पाच हजारांहून अधिक उत्तरे आली. जून २०११ मध्ये सरकारने आपले उत्तर प्रसिद्ध केले. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांची प्रकरणे योजनेतून वगळण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला; मूळ आराखडा मात्र बहुतांशी कायम राहिला. २०१२ मध्ये संमत झालेला कायदा १ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. घटस्फोट व मुलांचा ताबा यांविषयीचे बहुतेक खाजगी कौटुंबिक वाद, तसेच रोजगार व सामाजिक लाभ यांविषयीची बरीच प्रकरणे मदतीच्या कक्षेबाहेर गेली.

२०१३ ची सल्लामसलत
मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी एप्रिल २०१३ मध्ये फौजदारी बचावाचे काम किमतीच्या निविदांद्वारे देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे कंत्राटे सुमारे १,६०० वरून ४०० च्या आसपास येणार होती आणि आरोपीला वकील निवडण्याची मुभा उरणार नव्हती. या प्रस्तावांवर सुमारे १६,००० उत्तरे आली. त्यानंतर वकील निवडीचा हक्क कायम ठेवण्यात आला आणि किमतीच्या निविदांची कल्पना सोडून देण्यात आली. दिवाणी मदतीसाठी १२ महिन्यांच्या कायदेशीर वास्तव्याची अट मात्र काही अपवादांसह पुढे नेण्यात आली. मूळ कायद्याने मंत्र्यांना तसा अधिकार दिलेला नाही, असे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्दबातल ठरविली.

न्यायालयीन आव्हान
पोलीस ठाण्यांतील वकिली सेवेच्या कंत्राटांची संख्या ठरविताना मंत्रालयाने केपीएमजी व ऑटरबर्न यांच्या अहवालांचा आधार घेतला. परंतु त्यांवर मत मांडण्याची संधी वकिलांना दिली नाही. वकील संघटनांच्या याचिकेवर सप्टेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ही प्रक्रिया अन्याय्य व म्हणून बेकायदेशीर ठरविली. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांची नवी सल्लामसलत झाली व ५२७ कंत्राटांची योजना ठरली. जानेवारी २०१६ मध्ये मंत्री मायकेल गोव्ह यांनी तीही मागे घेतली.

नंतरचे आढावे
२०१२ च्या कायद्याच्या परिणामांचा आढावा फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विषयांत मदतीसाठी आधी दूरध्वनीवरूनच संपर्क साधण्याची सक्ती काढून टाकण्याचे त्यात जाहीर करण्यात आले. दिवाणी विधी साहाय्याच्या आढाव्यासाठी २०२४ च्या प्रारंभी पुन्हा पुरावे मागविण्यात आले.

मर्यादा
उत्तरे देणाऱ्यांत वकील व संघटना यांचा वाटा मोठा असतो. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते, त्या कर्जबाजारी, आजारी किंवा इंग्रजी न येणाऱ्या व्यक्तींचा आवाज बहुधा मदत संस्थांमार्फतच पोहोचतो. शिवाय एकाच मजकुराची अनेक पत्रे आल्यास ती स्वतंत्र मते मानावीत की एकाच मोहिमेचा भाग, हा विश्लेषणातील नेहमीचा प्रश्न ठरतो.