वळिवड्याचे पोलिश गाव

कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ साली एक पोलिश गावच वसले. १९४० मध्ये सोव्हिएट सत्तेने पूर्व पोलंडातून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेली ही कुटुंबे. १९४१ च्या करारान्वये सुटून इराणमार्गे ती येथवर पोहोचली. वस्ती सुमारे ५,०००, बहुतेक स्त्रिया व मुले. कर्ते पुरुष सैन्यात गेलेले, कित्येक मृत्यू पावलेले. घरे म्हणजे बैठ्या बराकींच्या रांगा; परंतु शाळा, चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, सारे होते. मुले मातृभाषेतच शिकत. तिला नुसती छावणी म्हणणे अन्यायाचे होय!

युद्ध संपले, पण परतावे कोठे? त्यांचे गाव सोव्हिएट हद्दीत गेले होते. १९४८ पर्यंत वसाहत उठली; पुष्कळ जण इंग्लंडास गेले. काहींची थडगी मात्र कोल्हापुरातच राहिली.