दहाचा पाढा

लहानपणी मला एकच पाढा न चुकता म्हणता यायचा. दहाचा. त्यामुळे १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे १०० नये पैसे केले, तेव्हा हा निर्णय खास माझ्यासाठीच घेतला आहे अशी माझी समजूत झाली. त्याआधी रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पया १९२. दोन रुपये साडेसात आणे भावाने पावणेपाच शेर तूप केवढ्याला, हे काढता काढता माझ्या कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या होत्या. तूप मात्र कधी चाखायला मिळालं नाही.

आजीला नवा हिशेब पटला नाही. आण्याचे होतात सव्वासहा पैसे. पण पाव पैसा काही टांकसाळीने पाडला नव्हता. म्हणून एका आण्याला ६ आणि चार आण्यांना २५ असं कोष्टक निघालं. म्हणजे चार वेळा एकेक आण्याची कोथिंबीर घेतली तर २४ पैसे, एकदम चार आण्यांची घेतली तर २५! आजी दिवसातून चारदा मंडईत जाऊ लागली. चौथ्या दिवशी भाजीवालीने आण्याचे ७ पैसे मागितले, आणि आमच्या घरापुरती दशमान पद्धतीची चळवळ थंडावली.

मी मात्र भरात होतो. "आता घड्याळसुद्धा दहाचं करायला हवं," मी जाहीर केलं. "२४ तास काय, ६० मिनिटं काय, सगळाच गोंधळ!"

ऐकायला बापूकाका बसले होते. वडिलांचे थोरले चुलतभाऊ. उभा जन्म आगबोटीवर नोकरी करून घरी परतलेले. त्यांनी तपकीर ओढली, शिंक येते का ते पाहिलं, आणि म्हणाले, "फ्रेंचांनी करून पाहिलंय ते. अंगाशी आलं त्यांच्या."

काका थाप मारताहेत असं मला वाटलं. पुढे वाचलं, तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं होतं. राज्यक्रांतीनंतर फ्रान्सने २४ नोव्हेंबर १७९३ च्या फर्मानाने दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं आणि मिनिटाचे १०० सेकंद केले. डोक्यावर सूर्य आला की पाच वाजणार! हा नवा तास आपल्या २ तास २४ मिनिटांचा. म्हणजे बरोबर सहा घटकांचा. दिवसाच्या ६० घटका मोजणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांनी त्याला हसत घरात घेतलं असतं.

तिथवर ठीक होतं. पण या मंडळींनी आठवडाही दहा दिवसांचा केला आणि सुट्टी ठेवली दहाव्या दिवशी! हे वाचलं तेव्हा मी कचेरीत चिकटलेला होतो, आणि क्रांतीबद्दलचं माझं प्रेम तिथेच आटलं. सहा दिवस राबून सातव्या दिवशी पाय पसरणाऱ्याला 'आता नऊ दिवस राब, हिशेबाला सोपं जातं' असं सांगितलं, तर तो हिशेब कोणाच्या सोयीचा?

ते कॅलेंडर १ जानेवारी १८०६ ला रद्द झालं. घड्याळ त्याच्याही आधी गेलं. सप्टेंबर १७९४ मध्ये सक्ती, आणि ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने बेमुदत स्थगिती. गंमत अशी, की त्याच कायद्याने मीटर, ग्रॅम आणि लिटर जन्माला आले. एकाच कागदावर एकाचं बारसं आणि दुसऱ्याचं तेरावं! कारण उघड आहे. वजनं-मापं गावोगाव निराळी होती, त्यात गरीब नाडला जायचा. तिथे सुधारणा हवीच होती. तास मात्र सगळ्यांचा एकच होता. मग चांगली चाललेली घड्याळं मोडून नवी कोणी घ्यायची, आणि कशाला?

हे सगळं कळल्यावरसुद्धा मी काकांशी वाद घालायला गेलो. "बरं, घड्याळ राहू द्या. पण तुमचा तो सागरी मैल? १८५२ मीटर! ही काय संख्या झाली?"

काकांनी ट्रंकेतून एक जुना सागरी नकाशा काढला आणि माझ्या हातात कर्कटक दिलं. "या दोन बंदरांमधलं अंतर धर. आता ते तसंच कडेच्या अक्षांशांच्या पट्टीवर ठेव. किती कला भरल्या?"

"बारा."

"मग बारा मैल. अंशाच्या साठ कला, एक कला म्हणजे एक मैल. गुणाकार नाही, भागाकार नाही. आणि पृथ्वी तासाला फिरते १५ अंश. घड्याळ आणि वर्तुळ एकमेकांना बांधलेलं आहे, बाळ. एकाला हात लावलास की दुसरं ओरडतं."

पुढे फ्रेंचांनाही तोच अनुभव पुन्हा आला. १८९७ मध्ये त्यांनी एक समिती नेमली. आंरी प्वांकारे हा थोर गणिती तिचा सचिव. या वेळी शहाणपणाने २४ तास तसेच ठेवून मिनिटं तेवढी १०० करायची असं ठरत होतं. पण वर्तुळाचे भाग किती? ४०० केले, तर तासाला पावणेसतराच्याही किंचित कमी. २४० केले, तर तासाला दहा, पण काटकोन साठाचा! ३६० चेही कैवारी होतेच. नाविक म्हणाले, आमचे नकाशे आणि कोष्टकं बुडवायची का? १९०० मध्ये ते प्रकरण गुंडाळलं गेलं.

खरं तर काटकोनाचे १०० भाग हे मीटरच्याच घरातलं. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर धरलेलं, म्हणजे त्या भागाचा शंभरावा हिस्सा बरोबर एक किलोमीटर. किलोमीटर हा मुळात दशमान पद्धतीचा सागरी मैलच. त्याचं घड्याळ वारलं, वर्तुळाला कोणी विचारलं नाही, आणि हा बिचारा रस्त्यावर आला.

हे काकांना सांगायला मी गेलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. ऐकून हसले. "घटकाभर बस," म्हणाले. मला परतीची गाडी गाठायची होती. दहा मिनिटं बसलो, चहा घेतला आणि निघालो. पुन्हा भेट झाली नाही.

घटका २४ मिनिटांची. रुपये, आणे, पैसे सगळे फिटले. पण काकांची १४ मिनिटं अजून माझ्याकडे आहेत. त्यांचा हिशेब दहाच्या पाढ्याने होत नाही.